स्वयंपाकघर ते गॅलरी

मित्रांनो, मी एक जुना मोबाइल आहे. काच तडकलेली, बॅटरी फुगलेली, आवाज बसलेला. दमलोय, थोडक्यातच सांगतो.

कारखान्यातलं मला फारसं आठवत नाही. आठवते ती प्रयोगशाळा. माणसं फोन घेऊन कशी हिंडतात, याचा आराखडा तिथल्या संशोधकांना बनवायचा होता. त्यावरून नवे टॉवर कुठे उभारायचे ते ठरणार होतं. आम्हा भावंडांना घरोघरी वाटलं. वाटेत कोणत्या टॉवरचा हात धरला, ते टिपायचं, एवढंच काम. पोस्टमनच्या खिशातला माझा भाऊ गावभर हिंडला. त्याचं कोण कौतुक!

माझ्या वाट्याला आली एक तान्ह्या बाळाची आई. बाळ खांद्यावरच झोपायचं, तेही ती चालत असेल तरच. स्वयंपाकघर ते गॅलरी, गॅलरी ते स्वयंपाकघर. इथे एक टॉवर, तिथे दुसरा. एकाचा हात सोड, दुसऱ्याचा धर. जीव नुसता मेटाकुटीला यायचा. तिची आई दूरगावी अंथरुणाला खिळलेली. दुपारी दोघी बोलू लागल्या की टॉवर बदलताना मध्येच फोन तुटायचा. माझ्या नोंदींवरून जवळ टॉवर येईल आणि तो तुटायचा थांबेल, म्हणून तर तिने मला घरात घेतलं होतं.

संशोधकाने माझ्या नोंदी पाहिल्या आणि नाक मुरडलं. नुसते झोके घेतोय, बिघडलाय, याची नोंद वगळा, म्हणाला. मला न्यायला तो स्वतःच आला.

"ताई, जरा बसून बोलू या का?"

"बसले की हा जागा होतो. तुम्हीच चला बरोबर."

मला हातात धरून तो बिचारा तिच्यामागून फेऱ्या घालू लागला. माझ्या पडद्यावर टॉवर बदलायचा, पुन्हा बदलायचा. हळूहळू त्याचा चेहरा उतरला.

"फोन ठीक आहे," तो म्हणाला. "ही नोंद राहू दे."

मला तिच्याकडेच ठेवून तो गेला. बऱ्याच महिन्यांनी गल्लीच्या तोंडाशी एक छोटा टॉवर आला. तोवर बाळाच्या आजीला फारसं बोलवेनासं झालं होतं. टॉवर सुरू झाला त्या दुपारी फोन तुटला नाही, पण काय बोलावं ते लेकीला सुचेना.

"नको बोलूस," आजी पुटपुटली. "चालत राहा. तुझी पावलं ऐकू येताहेत."

मित्रांनो, मला आता खणात पडू द्या, माझी तक्रार नाही. पण तुमच्या घरात कुणी अशा फेऱ्या घालत असेल, तर तिच्या खांद्यावरचं बाळ जरा आपल्याकडे घ्या. तिला बसू द्या.