सत्तावीस नंबरचं घर

सगळं सुरळीत पार पडलं, म्हणून आता हसून सांगते. त्या सकाळी डिचोलीच्या कॉलेजात शिरताना माझ्या तोंडचं पाणी पळालं होतं. परिषद सुनेची, पण धास्ती माझी.

सून म्हणजे सेजल. माहेर गोव्यातल्याच पाळी गावचं, खाणीकडचं; आमच्या चोपडे गावात लग्न करून आली ती गणितातली पीएचडी अर्धी हातात घेऊनच. विषयाचं नाव फॉर्मल कन्सेप्ट ॲनालिसिस. चाळीस वर्षं पेडण्याच्या मराठी शाळेत शिकवलेली बाई मी, पण पहिल्यांदा ऐकलं तेव्हा वाटलं, एखादं औषध असावं. मग तिनं मला स्वयंपाकघरातच समजावलं. एक तक्ता काढायचा. डाव्या बाजूला घरं, वरती वस्तू. ज्या घरात जी वस्तू असेल तिथे फुली. मग त्या फुल्यांवरून कोणाचं कोणाशी काय जुळतं त्याची जाळी तयार होते आणि जाळीतून नियम निघतात. एवढंच. मोठ्या नावाला आपण उगीच भितो.

तिनं घेतली होती आमची माटोळी. चतुर्थीला गणपतीच्या डोक्यावर लाकडी चौकट टांगून तिला नारळ, सुपारीचं शिपटं म्हणजे अख्खा घड, तवशी म्हणजे मोठ्या काकड्या आणि रानातली फळंफुलं बांधतात ती. कुठल्या घरात काय बांधतात, याचा तक्ता. पेडणे नि डिचोली या दोन तालुक्यांतली घरं. चोपड्यातल्या घरांचं काम तिनं माझ्यावर टाकलं, कारण तेव्हा ती बाळंतपणाला पाळीला होती. मी दारोदार फिरले. कोकणी की मराठी या भांडणात ज्यांच्याशी मी पूर्वी कडाकडा भांडले होते, त्यांच्याही ओट्यावर बसून चहा प्याले. तक्त्यात नावं घालायची नाहीत, नुसते नंबर, असं तिच्या सरांनी बजावलं होतं. तसंच केलं; कुठला नंबर कोणाचा, हे सेजललाही कळवलं नाही.

परिषदेला मी गेले ती नातवाला सांभाळायला. साईश दीड वर्षाचा, आईला सोडत नाही. आणि आईला तर त्या दिवशी कोणीतरी धरून ठेवायला हवं होतं. तिच्या नोंदणीची मुदत उन्हाळ्यात संपत होती. प्रबंध तपासायला जायचा होता पुण्याच्या एका बाईंकडे, आणि त्या बाई परिषदेत पहिल्या रांगेत बसणार होत्या. त्यांना काम पटलं तर प्रबंध लगेच जाणार. नाही पटलं तर पुन्हा घरोघरी फिरायचं, तोवर नोंदणी बाद, आणि पाच वर्षांचं काम पाण्यात.

"मांय, माका भंय दिसता," सेजल चहाच्या वेळी म्हणाली. सासूला आमच्याकडे मांय म्हणतात.

"भियेनाका गो. हांव आसां मगो," मी म्हटलं. मी असून काय उजेड पाडणार होते देव जाणे.

तेवढ्यात तिचे मार्गदर्शक कृष्णनाथ सर आले. मनानं भला माणूस, पण सतत घाईत. "सेजल, ते सत्तावीस नंबरचं घर काढलंस ना?"

"नाही सर."

"अगं, त्या एका घरामुळे सगळा नियम मोडतो! कोणीतरी चुकीच्या फुल्या मारल्यात. काढ म्हणून सांगितलं होतं."

"लोकांनी सांगितलंय ते मी कसं खोडू, सर?" ती हळूच म्हणाली. मला आतून बरं वाटलं. पण सरांचा चेहरा पडला. सत्तावीस नंबर कोणाचा, हे मला त्या घडीला काही आठवेना.

मग ती बोलायला उभी राहिली. सगळं इंग्रजीत, मला अर्धं कळत होतं. पडद्यावर जाळी आली. ज्यानं नारळ बांधला त्यानं हरण नावाचं रानफूलही बांधलंच, असा तिचा मोठा नियम. सगळी घरं एका बाजूला, आणि एक घर लांब, एकटं. त्याच्याजवळ लिहिलेलं: नारळ, सुपारी, झेंडू, सीताफळ. हरण नाही. रानातलं काहीच नाही.

तेव्हा मला आठवलं. ते घर आमचं होतं.

बाळ जन्मलं चतुर्थीच्या आदल्या दिवशी. घराण्याला सुयेर, म्हणजे सोयर, लागलं. मूर्ती मूर्तिकाराच्या चित्रशाळेतच राहिली, आणि आम्ही गणपती आणला पुढच्या महिन्यात, नवरात्राच्या चतुर्थीला. तोपर्यंत रानातलं सगळं सुकून गेलेलं. बाजारात झेंडू आणि सीताफळं. मी तेच बांधलं आणि तक्त्यात तेच लिहिलं. काय बांधलं एवढंच विचारलं होतं, कधी बांधलं ते कोणी विचारलं होतं? आणि सेजल माहेरी, तिनं ती माटोळी पाहिलीच नव्हती.

पुण्याच्या बाई उठल्या आणि चक्क मराठीत म्हणाल्या, "एवढ्या घरांत हे एकच घर वेगळं का? नोंद चुकली असेल तर बाकीच्या नोंदींवर मी विश्वास कसा ठेवू?"

सेजल हातातले कागद चाळू लागली. कृष्णनाथ सरांनी कपाळाला हात लावला. मी शेवटच्या रांगेत. ओरडून सांगावं, तर भर सभेत कसं सांगू? परीक्षेत दुसऱ्याला उत्तर सांगायचं नाही, म्हणून जन्मभर मी पोरांचे कान पिळले. पण सून माझी होती. मी उठले आणि साईशला दोन्ही हातांनी डोक्यावर उचलून धरलं.

पोरगं ओरडलं, "आई!"

सगळं सभागृह मागे वळलं. सेजलनं पाहिलं. बाळाकडे, मग माझ्याकडे, मग पडद्यावरच्या झेंडूकडे. आणि तिच्या चेहऱ्यावर उजाडलेलं मी एवढ्या लांबून पाहिलं.

"नोंद बरोबर आहे, मॅडम," ती म्हणाली. तिचा आवाज आता स्थिर होता. "त्या घरात चतुर्थीला सुयेर होतं. बाळ झालं होतं. गणपती महिनाभर उशिरा आला, म्हणून रानफुलं मिळाली नाहीत. ते घर माझं आहे. आणि बाळ ते, तिथं."

आधी कोणीतरी हसलं, मग सगळेच. बाईसुद्धा. "मग नियम मोडलेला नाही, तुमच्या तक्त्यात एक रकाना कमी आहे," त्या म्हणाल्या. "सुयेर, सुतक. तो घाला, अशी आणखी घरं शोधा. आणि हे घर काढलं नाहीत ते फार चांगलं केलंत. प्रबंध पाठवा, मी वाट बघते."

मी खाली बसले ती बसलेच. एवढं हलकं मला निवृत्तीच्या दिवशीही वाटलं नव्हतं. कृष्णनाथ सर जेवणाच्या वेळी स्वतः माझ्यासाठी ताट घेऊन आले. मी त्यांना काही बोलले नाही. बोलण्यासारखं पुष्कळ होतं, पण सोलकढी चांगली होती.

परतीच्या वाटेवर सेजल गाडीत रडली. "रडतंस कित्याक गो, जिंकलंस मगो!" मी दटावलं, आणि माझंच नाक ओढत राहिले.

घरी आल्यावर तिनं तक्ता जेवणाच्या टेबलावर पसरला. शेवटी एक नवा रकाना आखला, वरती लिहिलं: सुयेर. सत्तावीसच्या ओळीशी येऊन थांबली आणि पेन माझ्या हातात दिलं. "मांय, ही फुली तुमी मारा."

मी साईशला मांडीवर घेतलं, त्याच्या मुठीत पेन दिलं आणि वरून माझा हात ठेवला. त्यानं एकच रेघ ओढली, तीही वाकडी, आणि पेन टाकून दिलं. दुसरी मी ओढली.