माझ्या पाठीवरची दोन भोकं

मित्रांनो, शिवाजी पेठेतल्या दिलदार मिस्त्रींच्या दुकानात मार खातच माझा जन्म झाला. आज मी एक जुनी, पोचे पडलेली पत्र्याची ट्रंक आहे. त्या दिवशी मात्र मी नुसता कोरा पत्रा होते. छिन्नीने मला कापलं, हातोडीने ठोकलं, तापलेला डाख माझ्या सांध्यांवर ओतला. पण दिलदारचाचांच्या मारात राग नव्हता. मारणारा हात कसला आहे, हे पत्र्यालाही कळतं. पुढे मला दुसऱ्या हातांचा मार खावा लागला, म्हणून हे आधीच सांगून ठेवते.

चाचांची एक चूक झाली. कडीसाठी बाजूला पाडायची दोन भोकं त्यांनी बोलण्याच्या नादात पाठीला पाडली. गिऱ्हाईक समोरच उभं होतं. गडहिंग्लजकडचे ईरप्पा, मुलगी रत्नव्वाच्या लग्नासाठी ट्रंक न्यायला आले होते.

"थांबा की पावणं, डाख मारून बुजवतो. कुणाला दिसायचं न्हाय," चाचा म्हणाले.

"ऱ्हाऊ द्या वो. कापडाला तेवढंच वारं लागंल. तुमची चूक झाकत बसलासा तर माझी यष्टी जाईल की!"

दोघेही हसले. मी एसटीच्या टपावर चढले.

पहिलं वर्ष रत्नव्वाच्या साड्या सांभाळण्यात गेलं. दुसऱ्या वर्षापासून तिचा नवरा शिवप्रसाद तिला मारू लागला. आधी हाताने, मग कातडी पट्ट्याने. एकदा त्याने मला उचलून अंगणात फेकलं. माझा कोपरा तेव्हा चेपला. शेजारणी आवाज ऐकायच्या आणि म्हणायच्या, "चालायचंच, घरोघरी हायच." मग आपापली दारं लावून घ्यायच्या.

त्यांची मुलगी विद्याश्री चार वर्षांची झाली, तेव्हा त्याने तिचा हात पिरगाळून मोडला. हाताचं प्लास्टर निघालं त्या दिवशी रत्नव्वाने माझ्यातल्या सगळ्या साड्या बाहेर काढून दोरीवर टाकल्या. माझ्या तळाला एक चादर अंथरली. माझी पाठ खिडकीकडे केली. शिवप्रसादची मोटारसायकल वाजली की ती लेकीला माझ्यात झोपवायची आणि अडकू नये म्हणून कोयंडा वर करून झाकण लावायची. माझ्या दोन भोकांतून त्या पोरीला वारं मिळायचं. तो निघून गेला की रत्नव्वा झाकणावर तीन वेळा टकटक करायची आणि म्हणायची, "अव्वा हाय." अव्वा म्हणजे आई. त्यानंतरच विद्याश्री बाहेर यायची. त्याआधी कधीही नाही.

दोन वर्षं असं चाललं.

मग एका भर दुपारी मोटारसायकल वाजली, विद्याश्री माझ्यात झोपली, आणि तो ऊसतोडीचा कोयता घेऊनच घरात शिरला. मी केस ओढल्याचा आवाज ऐकला, बांगड्या फुटल्याचा ऐकला. कळशी घरंगळत गेली. त्याने विचारलं, "पोरगी कुठं हाय?" रत्नव्वा येऊन माझ्या झाकणावर बसली, घट्ट. पहिला घाव तिच्या खांद्यावर बसला. दुसरा तिने चुकवला, तो माझ्या झाकणात रुतला. माझ्या अंगावरची वीतभर खाच ती हीच. तिसरा घाव मी नुसता ऐकला.

माझ्या सांध्यातून रक्त आत झिरपलं आणि विद्याश्रीच्या झग्यावर पडलं. तिने तोंडातून हूं की चूं काढलं नाही. ती तीन टकटकींची वाट बघत राहिली. संध्याकाळी पोलिसांनी मला उघडलं, तेव्हा ती त्यांच्या बोटांना कडकडून चावली.

रत्नव्वाच्या खुनासाठी शिवप्रसाद कळंब्याच्या तुरुंगात गेला. ईरप्पा आधीच वारले होते. दोन्हीकडच्या नातेवाइकांनी हात वर केले. विद्याश्री कोल्हापुरातल्या एका बालगृहात आली, आणि तिने माझी कडी सोडली नाही म्हणून मीही आले. एक पोलीसदादा म्हणाला, "राहू दे. या ट्रंकेनंच वाचवलंय तिला."

तिथे तिला सांभाळायला तानाबाई होत्या. चार पुतण्यांची लग्नं लावलेली, मोठ्या आवाजाची बाई. विद्याश्रीने त्यांना चावून, ओरबाडून, ताटं फेकून दमवलं. बाहुल्या मिळाल्या की ती त्यांच्या माना मोडायची. कुठे जोरात दार आपटलं की पळत येऊन माझ्यात शिरायची. मग तानाबाई गुडघे धरत खाली बसायच्या, कोयंडा वर करायच्या, तीन वेळा टकटक करायच्या आणि म्हणायच्या, "ये बाहीर, वाघीण. आता कुणाला खाणार हाईस?"

टकटकीचं गुपित विद्याश्रीने फक्त त्यांना सांगितलं होतं.

वर्ष गेलं. बालकल्याण समितीने विद्याश्रीला दत्तक देण्यासाठी मोकळं ठरवलं. देशात घर मिळालं नाही. मोठी मुलगी, त्यात असली हकिगत. मग इटलीतल्या पाओला आणि मार्को या जोडप्याने तिला मागितलं. दोन्हीकडची तयारी करून घ्यायचं काम दत्तक संस्थेच्या संयोगिताताईंकडे होतं. त्या दर शनिवारी व्हिडिओ कॉल लावायच्या. त्यांनी विद्याश्रीला नव्या घराचे, कुत्र्याचे, पलंगाचे फोटो दाखवले. तिकडच्या दोघांना त्या विचारायच्या, "ती तुम्हाला मारेल. मग तुम्ही काय कराल?" उत्तर घोटून घेतलं होतं. मारायचं नाही, ओरडायचं नाही, तिला सोडून जायचं नाही.

एके दिवशी त्या तानाबाईंकडे वही घेऊन आल्या. "मावशी, पोरगी कशाला भिते, भ्याली की कुठं लपते, कशानं शांत होते, सगळं सांगा. तिकडच्यांना शिकवायचंय."

तानाबाईंनी पदर सावरला. "काय भीत न्हाय बाई. लई गुणाची हाय."

"हा तुमचा हात कुणी चावलाय?"

"त्यो व्हय? मांजरानं."

मित्रांनो, तानाबाईंच्या मनात पाप नव्हतं. त्यांच्या लेखी हे स्थळ आलं होतं. स्थळ बघायला येतं तेव्हा घरातली खोट कुणी दारात मांडत नाही. पुतण्यांच्या वेळी त्यांनी एका पोरीचं तिरळेपण झाकलं होतं, दुसरीची फिट झाकली होती. आता त्यांनी मला झाकलं. मला कोठीच्या खोलीत तांदळाच्या पोत्यांमागे ढकललं. खाचेवर फुलाफुलांचा कागद चिकटवला. झुरळं शिरतात म्हणून माझी दोन्ही भोकं चिंध्यांनी गच्च बुजवली. विद्याश्रीला सांगितलं, "ट्रंक मोडीत गेली. तिचं नाव काढायचं न्हाय त्यांच्यासमोर. न्हाईतर न्हेणार न्हाईत तुला."

पाहुणे आले. मी कोठीतूनच सगळं ऐकत होते. उन्हाचा दिवस होता. तानाबाईंनी पाहुण्यांसाठी शहाळी आणली होती आणि अंगणात बसून त्या ती कोयत्याने तासत होत्या. म्हाताऱ्या बाईला कष्ट पडतात असं वाटून मार्कोने हसत हसत कोयता त्यांच्या हातातून घेतला आणि वर उचलला.

विद्याश्री किंचाळली. पितळी तांब्या मार्कोच्या कपाळावर बसला. पाओला तिला धरायला गेली, तर विद्याश्रीने तिच्या दंडाचा लचका तोडला. मग ती सुटली ती सरळ कोठीत. मोडीत गेलेली ट्रंक ती दोन महिने मनातल्या मनात शोधतच होती की काय, कोण जाणे. ती पोत्यांवर चढली, पलीकडे पडली आणि माझ्यात शिरली. झाकण आपटलं. कोयंडा वर करणारं बाहेर कुणी नव्हतं. तो आपोआप खाली पडून अडकला.

सगळे रस्त्यावर धावले. त्या गोंधळात ती फाटकातून पळाली असं त्यांना वाटलं. आत तिचा श्वास जोरात चालला होता, मग आखूड झाला. ती पाय झाडू लागली. मी तर पत्रा! मला माझी भोकं उघडता आली असती, तर मी ती दातांनी उघडली असती.

अंगणातून तानाबाईंची किंकाळी आली. "अगं बाई! ट्रंक! भोकं बुजवलीती मी!"

मार्कोने पोती ओढून फेकली. कपाळाचं रक्त त्याच्या डोळ्यांत जात होतं. त्याने कोयंडा काढला, झाकण उचललं. विद्याश्रीने एकदा खोल श्वास घेतला, समोर रक्ताने माखलेला पुरुष बघितला आणि दोन्ही हातांनी झाकण खाली ओढलं. त्याची चार बोटं माझ्या काठात चिरडली. आतून ती त्या बोटांना चावली. हाडाचा आवाज मला ऐकू आला.

त्याने बोटं काढली नाहीत. तेवढ्या फटीतून वारं आत येत राहिलं.

"तीनदा वाजवा वो पावणं!" तानाबाई रडत ओरडल्या. "तिची अव्वा वाजवायची! आणि म्हनायची, 'अव्वा हाय'!"

संयोगिताताईंनी ते त्याला त्याच्या भाषेत सांगितलं. मार्कोने मोकळ्या हाताने तीन वेळा टकटक केली. तो तिची अव्वा नव्हता, आणि ते त्याला ठाऊक होतं. तो मोडक्या मराठीत एवढंच म्हणाला, "मी हाय."

बराच वेळ गेला. मग माझ्या आतले दात हळूहळू सैल झाले.

त्या दुपारी तानाबाईंनी संयोगिताताईंना वही काढायला लावली आणि एकेक गोष्ट सांगितली. कोयता, पट्टा, मोटारसायकल, दार, ट्रंक, टकटक. संयोगिताताई लिहीत होत्या. शेवटी तानाबाई म्हणाल्या, "माझ्यामुळं मोडलं हे. आता कशाला न्हेतील?"

पाओलाच्या दंडाला पट्टी होती. तिने संयोगिताताईंना एकच प्रश्न विचारला. ताईंनी तो हसत मराठीत सांगितला. "त्या विचारतायत, ट्रंक विमानात चालते का?"

तानाबाईंनी त्याच क्षणी माझ्या भोकांतल्या चिंध्या उपसल्या आणि कागद ओरबाडून काढला.

आता मी इटलीत, विद्याश्रीच्या पलंगाच्या पायथ्याशी असते. सगळं गोड झालं असं समजू नका. पहिल्या हिवाळ्यात तिने सात ताटं आणि एक खिडकी फोडली. मार्कोचं एक बोट वाकडंच राहिलं. त्याने माझी खाच ठोकून सपाट करायची म्हटलं, तर ती माझ्यावर बसून राहिली, तिची अव्वा बसली होती तशी. त्याने हातोडी ठेवून दिली.

मित्रांनो, तुमच्या वर्गात, तुमच्या गल्लीत एखादं चावरं, मारकं पोर असेल. त्याला लाथ मारण्याआधी त्याच्या अंगावरची खाच कुठली आहे ते विचारा. आणि मोठ्या माणसांना माझा निरोप सांगा. पोराला नव्या घरी देताना त्याची दुःखं चिंध्या कोंबून बुजवू नका. तिथूनच त्याला वारं मिळत असतं.

गेल्या आठवड्यात थंडी सुरू झाली. विद्याश्री लोकरीचे कपडे काढायला माझ्यापाशी आली. तिने कोयंड्याला हात लावला आणि थांबली. मग बाहेरून माझ्या झाकणावर तीन वेळा टकटक केली.

"मी हाय," ती म्हणाली, आणि मला उघडलं.