मागच्या चाकांवरचं वजन

सुताराचा जुना पिकअप एका सकाळी दुकानाच्या दारात बसला तो बसलाच. मेकॅनिकने बॉनेट उघडलं, आत डोकं घालून बराच वेळ पाहिलं आणि हात पुसत म्हणाला, "खूप केलं हो बिचाऱ्याने. आता सोडा त्याला." सुताराला वाईट वाटलं, पण ते नीट वाटून घ्यायलाही सवड मिळाली नाही. आतून बायकोचा आवाज आला.

"बरं झालं! आता फोर व्हील ड्राइव्हच घ्यायची. चारही चाकांना इंजिनाचा जोर असतो ना, तसली. म्हणजे ताईकडचा चढ एकदाचा चढेल."

सुताराने केविलवाण्या नजरेने मेकॅनिककडे पाहिलं.

तो चढ म्हणजे सुताराच्या मनःशांतीचा पाया होता, आणि हे त्याच्याशिवाय कुणालाच ठाऊक नव्हतं. बायकोची थोरली बहीण टेकडीच्या माथ्यावर राहायची. वर जाणारा रस्ता कच्चा, सगळी खडी सुटलेली, आणि मध्यावर एक अवघड वळण. जुन्या गाडीत इंजिनाचा जोर फक्त मागच्या दोन चाकांना मिळायचा. गाडी त्या वळणावर आली की ती दोन चाकं जागच्या जागी गरगरायची, खडी उडायची, आणि सुतार स्टिअरिंगवर हात आपटून म्हणायचा, "नाही गं चढत! काय करू, सांग." मग गाडी वळवायची आणि घर गाठायचं.

माथ्यावरच्या मेहुणीबद्दल त्याची काडीचीही तक्रार नव्हती. तक्रार होती ती तिच्या नवऱ्याबद्दल, म्हणजे साडूंबद्दल. साडूंनी जन्मभर रस्ते आणि पूल मोजायची नोकरी केली. नोकरी संपली, मोजणं काही संपलं नाही. खिशात सदा एक पाणसळ, काचेच्या नळीत हवेचा बुडबुडा असलेली. बुडबुडा मधोमध थांबला तर वस्तू सरळ, सरकला तर तिरकी. सुताराने त्यांच्या नव्या घरासाठी स्वतःच्या हाताने जेवणाचं टेबल करून दिलं होतं. भरल्या घरात, सगळ्या पाहुण्यांसमोर, साडूंनी त्यावर पाणसळ ठेवली, एक डोळा मिटला आणि जाहीर केलं, "साडूभाऊ, एक सूत उतरतंय हो!" सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. पाहुणे खो खो हसले. खरं तर टेबल सरळच होतं, साडूंच्या घराची फरशी तिरकी होती. पण हे सुताराला सुचलं घरी परतल्यावर, हातपाय धुताना. त्याच दिवशी त्याने मनाशी ठरवून टाकलं, पुन्हा या माणसाच्या घरी पाऊल टाकायचं नाही.

आता हे बायकोला तोंडावर सांगायची छाती कुणाची? ते काम त्याने गाडीवर सोपवलं.

कारण त्यात एक गोम होती. हाच पिकअप सागाच्या फळ्यांनी भरला की कुठल्याही टेकडीवर गुमान चढायचा. वजन असलं की मागची चाकं जमीन धरतात, गाडी रिकामी असली की सुटतात. म्हणून ताईकडे निघायच्या आधी सुतार गाडीतली शेवटची खुंटीसुद्धा उतरवून ठेवायचा. शिवाय मागचा हौदा धुऊन काढायचा. "पाहुणे म्हणून जायचं, तर गाडी स्वच्छ नको?" असं म्हणायचा. बायकोला त्याचं केवढं कौतुक! आणि वळणावर पोचल्यावर तो ऍक्सिलरेटर असा काही दाबायचा की चाकांनी काय, इंजिनानेही हात टेकावेत.

ताई बिचारी वरून गाडीचा आवाज ऐकून वळणापर्यंत उतरून यायची. दोघी बहिणी रस्त्याच्या कडेला, उन्हात, उभ्या उभ्या बोलायच्या. शेवटच्या वेळी ताई आलीच नाही, गुडघ्यांनी दगा दिला होता. बायको वळणावर उभी राहून नुसती वर पाहत राहिली. सुताराला तेव्हा वाईट वाटलं, खरंच वाटलं. पण पाणसळ आठवली आणि त्याने गाडी वळवली.

तर आता काहीही करून नवी गाडीसुद्धा दोनच चाकांच्या जोराची हवी होती. सुतार एकटाच जुन्या गाड्या विकणाऱ्याकडे जाऊन आला. गाडीवाला ऑफिसच्या टेबलाशी झटापट करत बसला होता, कारण खण अडकला होता आणि सगळ्या किल्ल्या आत होत्या. सुताराने खण काढून दिला, रंधा मारला, कडांना मेण चोळलं. खण एका बोटाने सरकायला लागला.

"काय सेवा करू तुमची?" गाडीवाल्याने विचारलं.

"उद्या बायकोला घेऊन येतो. तिला फोर व्हील हवीय. तुम्ही टू व्हील ड्राइव्हचं तोंड भरून कौतुक करायचं. अगदी थांबायचंच नाही."

"एवढंच?" गाडीवाला हसला. "न थांबता बोलायचं तर मी आईच्या पोटातूनच शिकून आलोय."

दुसऱ्या दिवशी आवारात दोन पिकअप शेजारी शेजारी उभे होते. पांढरा चार चाकांच्या जोराचा, हिरवा दोन चाकांच्या. बायको पांढऱ्याभोवती फिरली, दार उघडून आत बसली आणि म्हणाली, "हाच."

"झकास गाडी आहे, वहिनी," गाडीवाला म्हणाला. "पण हिचे लाड फार. चारही चाकांना जोर द्यायचा तर खाली सामान दुप्पट. जेवढं सामान जास्त, तेवढी दुखणी जास्त. डिझेल तर अशी पिते की बघत राहावं. आणि हिरवी? गरीब गाय! काही मागत नाही."

सुतार मान डोलावत राहिला. माणूस कामाचा होता.

"पण आमच्या ताईकडे खडीचा चढ आहे," बायको म्हणाली. "वळणावर मागची चाकं नुसती गरगरतात. म्हणून तर फोर व्हील हवी."

"हात्तिच्या!" गाडीवाला रंगात आला होता. सुतार त्याच्याकडे पाहून खाकरला. गाडीवाल्याला वाटलं, आपल्याला शाबासकी मिळतेय. "अहो, रिकामी नेत असाल! रिकाम्या पिकअपच्या मागच्या चाकांवर वजनच नसतं, ती जमीन धरणार कशी? मागे चार फळ्या टाका, पोतंभर वाळू टाका, ही हिरवी तुम्हाला ढगात नेऊन सोडेल." सुतार जोरात खोकला. गाडीवाल्याने आणखी आवाज चढवला. "कुठल्याही ड्रायव्हरला झोपेतून उठवून विचारा. नाहीतर यांनाच विचारा की! रोज लाकूड वाहतात, यांना काय माहीत नसेल?"

सुतार हिरव्या गाडीचा टायर फार बारकाईने पाहू लागला.

"प्रत्येक वेळी हे गाडी रिकामी करायचे," बायको हळूच म्हणाली. "धुऊन काढायचे. मी ताईला सांगायचे, बघ, तुझ्याकडे यायचं म्हटलं की यांचा किती उत्साह."

"अगं, ऐक ना..."

"ती काठी टेकत वळणापर्यंत यायची हो." तिचा आवाज कापला. सुताराने मान वर केली नाही. आपण फार हुशारी केली असं त्याला इतकी वर्षं वाटत होतं, आणि आत्ता त्याला स्वतःची चांगलीच लाज वाटली.

बायकोने पदराने डोळे टिपले आणि गाडीवाल्याकडे वळली. "हिरवी द्या."

"हिरवी?" सुतार दचकला. "अगं, पण फोर व्हील..."

"कशाला? तुम्हाला आवडलीय ना? गरीब गाय आहे म्हणे."

पुढच्या सुट्टीला सुतार अंगणात आला, तर हिरव्या गाडीचा हौदा फळ्यांनी भरलेला. चांगल्या, मुरलेल्या सागाच्या फळ्या, त्याने मोठ्या कामासाठी राखून ठेवलेल्या. बायको आधीच गाडीत बसली होती.

"हे कुणी भरलं?"

"मी. शेजाऱ्यांनी हात लावला. चला, ताईकडे."

वळण आलं तेव्हा सुताराचा उजवा पाय सवयीने शिवशिवला. बायको समोर रस्त्याकडे पाहतच नव्हती, ती त्याच्या पायाकडे पाहत होती. त्याने पाय आवरला. गाडीने खडी धरली आणि वळण मागे पडलं.

ताई दारात उभी होती. दोघी बहिणींनी एकमेकींना मिठी मारली ती सोडेचनात. हसणं कुठलं आणि रडणं कुठलं, काही कळत नव्हतं. सुतार दोघींकडे पाहत उभा राहिला. तेवढ्यात साडू आले.

"अलभ्य लाभ, साडूभाऊ! आणि हे लाकूड कशाला?" पाणसळ फळीवर ठेवलीसुद्धा.

"ताईच्या कपाटासाठी, भाऊजी," बायको म्हणाली. "हे इथेच येऊन करणार आहेत. दर सुट्टीला, सावकाश."

फळ्या उतरल्या, जेवणं झाली, टेबल सरळ करायला साडूंनी त्याच्या पायाखाली सारलेली पुठ्ठ्याची घडी अजून तशीच होती. उन्हं कलली तसा तो निघायला उठला. साडूंनी रिकामी गाडी पाहिली आणि हात आडवा केला.

"थांबा, थांबा! अशी रिकामी गाडी त्या वळणावर नेता? ब्रेक लावलात की मागची चाकं सुटतील. वजन हवं."

"मग चार फळ्या परत चढवू," सुतार घाईने म्हणाला.

"छे! आत्ता तर उतरवल्या. मी आहे की!" साडूंनी पोटावरून हात फिरवला. वजनाच्या बाबतीत त्यांना कुणी नावं ठेवली नसती. "मी मागे बसतो, ही पुढे तुमच्यात बसेल. पुढच्या सुट्टीपर्यंत तुमच्याकडेच राहू. तुमच्या दुकानातली कामंही पाहायची राहिलीच आहेत. सुट्टीला फळ्यांबरोबर आम्हाला वर आणून सोडा, म्हणजे झालं."

गाडी उतरू लागली. पुढे दोघी बहिणी दाटीवाटीने बसून खिदळत होत्या, आणि ते ऐकायला सुताराला बरं वाटत होतं, हे त्याने मनातल्या मनात कबूल केलं. मग त्याने हिशेब मांडून पाहिला. वर जाताना फळ्या. फळ्या उतरल्या की खाली येताना साडू. साडू खाली आले की त्यांना वर पोचवायला पुन्हा फळ्या. कपाट संपेल, पण हा फेरा संपणार नव्हता. चारही चाकांना जोर असता तर रिकामे गेलो असतो आणि रिकामे आलो असतो. त्याने आरशात पाहिलं. मागे साडूंनी हौद्याच्या कडेवर पाणसळ ठेवली होती, आणि त्या भर उतारावर बुडबुड्याकडे पाहत ते नापसंतीने मान हलवत होते.

"काय गं," सुताराने हळूच विचारलं, "तो पांढरा पिकअप अजून विकला गेला नसेल ना?"

"नसेल," बायको म्हणाली आणि ताईचा हात हातात घेतला. "पण आपल्याला काय करायचाय? आपल्याकडे वजन आहे की."