प्रेसचा ठेका

भंगार! असलं नाव कुणी आपल्या बँडला ठेवतं का? पण सुप्याच्या ह्या तिघांनी ठेवलं होतं, आणि वर छाती फुगवून सांगतही होते. योगेश आणि नितीन एकाच वर्कशॉपात पत्रा ठोकायच्या पॉवर प्रेसवर कामाला, नितीनची धाकटी बहीण प्रज्ञा नगरला कॉलेजात. जयंती-उत्सवांच्या ऑर्केस्ट्रात कीबोर्ड वाजवून वाजवून नितीनचा हात असा तयार झाला होता की म्हातारी माणसंसुद्धा पुढं येऊन बसायची. अठ्ठ्याण्णव साली पुण्याच्या एका मित्राने त्याला एक परदेशी कॅसेट दिली. तिच्यात गाणं कमी आणि कारखाना जास्त. ती ऐकून नितीन म्हणाला, "योग्या, ह्यो आवाज तर आपण रोज फुकट ऐकतोय की!"

झालं, खूळ डोक्यात शिरलं ते शिरलंच. अल्बम करायचा, नाव 'तिसरी पाळी', गाणी आठ. एक खोकून खोकून मेलेल्या बापाचं, एक विहिरीत उडी घेतलेल्या पोरीचं, एक मशीनपाशी उभ्या उभ्या झोपणाऱ्या माणसाचं. नगरला दिल्लीगेटपाशी रंगनाथकाकांचा छोटा स्टुडिओ होता, तिथं एरवी भजनं आणि लग्नाची गाणी रेकॉर्ड व्हायची. ते डोक्याला हात लावून म्हणाले, "अरे लेकरांनो, एखादं तरी हसरं गाणं घाला! नाहीतर ऐकणारा कॅसेट संपायच्या आत विहीर गाठंल." तरी माणूस चांगला. सात गाणी त्यांनी जीव लावून करून दिली.

आठव्याला प्रेसचा खराखुरा आवाज हवा होता.

आता ते काम कसं चालतं ते सांगायला हवं. त्या जुन्या प्रेसवर दोघं लागायचे. एकाने हाताने पत्रा आत सरकवायचा, हात बाहेर काढायचा आणि 'हां' म्हणायचं. 'हां' ऐकलं की दुसऱ्याने पायाने पेडल दाबायचं. पायवाल्याने हाताकडे बघायचंच नाही, नुसतं ऐकायचं. सहा वर्षं नितीनचा हात आणि योगेशचा पाय असे चालले होते, बोटाला साधं खरचटलं नव्हतं.

रेकॉर्डिंगच्या दिवशी योगेशच म्हणाला, "तुझं 'हां' टेपवर आलं तर ठेका घाण होईल. न बोलता मारू. मी मनात चार मोजतो, तू तेवढ्यात हात काढ."

नितीनला पटलं. ठेक्यात तो कधी चुकायचा नाही, मग भीती कसली? जेवणाच्या सुट्टीत बाकी मशिनं बंद झाली, प्रज्ञा टेपरेकॉर्डर घेऊन कोपऱ्यात बसली. योगेशने ठेका पक्का बसावा म्हणून डोळे मिटले. वीस-पंचवीस ठोके असे पडले की अंगावर काटा यावा. मग एक पत्रा अडकला आणि तो ओढायला नितीनने हात आत घातला. योगेशचे चार मोजून झाले होते.

उजव्या हाताची चार बोटं गेली.

दवाखान्यात सगळ्यांनी विचारलं, कसं झालं? योगेशच्या तोंडून शब्द फुटायच्या आत नितीन म्हणाला, "मशीननं डबल मारला. पेडल सोडल्यावर आपसूक एक ठोका पडला." जुनं मशीन, सगळ्यांना खरं वाटलं. योगेश गप्प राहिला. का राहिला? नितीनची आई लंकाबाई! योगेशची आई तो लहान असतानाच गेली, तेव्हापासून तो ह्याच घरात जेवला होता. "मला दोन ल्योक हायेत," असं ती बाई गावभर सांगायची. ते घर तुटेल म्हणून त्याने जीभ आवरली, आणि चार महिने तिच्याच हातची भाकरी खात राहिला.

बरा झाल्यावर नितीननेच हट्ट धरला. "आठवं गाणं त्याच टेपचं करायचं. बोटं गेली ती गेली, ठेका तरी राहू द्या."

स्टुडिओत प्रज्ञा कीबोर्डला बसली, नितीन तिला शेजारून सूर सांगत होता. काकांनी टेप लावली. ठोके सुरू झाले. काका मांडीवर हात मारत मोजू लागले, आणि टेपवर नितीनची किंकाळी आली तसा त्यांनी घाईने आवाज बंद केला. म्हणाले, "देवा रे... पण पोरांनो, डबल कुठं मारलाय मशीननं? शेवटचा ठोका बरोब्बर चारावर पडलाय. जास्तीचा एकबी ठोका न्हाई."

प्रज्ञाने कीबोर्डवरचे हात काढले. तिने योगेशकडे पाहिलं.

"काका, तुमचं कायतरीच," नितीन घाईने म्हणाला. "मशीनचं काय सांगता येतं!"

"मशीन न्हाई," योगेश म्हणाला. "माझा पाय हुता. डोळं मिटून मोजत हुतो मी. 'हां' नको, असं बी मीच म्हनलो हुतो."

"गप रं!" नितीन ओरडला. त्याचे डोळे भरून आले होते. "मला काय ठावं न्हाई का? पहिल्या दिवसापासनं ठावं हाय. आपल्या घरचं तुझं ताट जाऊ नये म्हणून खोटं बोललो ना येड्या! सगळ्यावर पाणी फिरवलंस."

प्रज्ञा उठली. एरवी त्याला योगेशदादा म्हणणारी पोर म्हणाली, "आईला हे तू सांगायचं. दादा सांगणार न्हाई, आन् मीबी न्हाई."

संध्याकाळी योगेशने सांगितलं. उभ्यानेच सांगितलं, बसायची छाती झाली नाही. लंकाबाई चुलीपुढं ऐकत होती. तिने चुलीत लाकूड सारलं. योगेशला वाटलं, मारलं असतं तर बरं झालं असतं.

मग ती म्हणाली, "नितीनला सदऱ्याची बटनं लावता येत न्हाईत. चार महिनं मी लावती. उद्यापासनं तू यायचं, रोज, कामावर जायच्या आधी. मी मेल्यावरबी यायचं. आन् माझ्याशी बोलायचं न्हाई."

दुसऱ्या दिवशी सकाळी तो गेला. लंकाबाई पाठ फिरवून भाकरी थापत होती. नितीन दारात सदरा घालून उभा होता. योगेश घाईघाईने बटणं लावू लागला, पण पहिलंच काजात जाईना. नितीनने मान वर केली आणि हळूच म्हणाला, "सावकाश लाव. मला कुठं जायचंय?"