डब्याखालचा कागद

नवरात्राच्या आधी फडताळं धुऊन काढायची, हा सुगंधाचा दरवर्षीचा नेम. यंदा अंगात त्राण नव्हतं, तरी सकाळची माळ ओढून झाल्यावर तिने पदर खोचला आणि तांदळाचा डबा खाली ओढला. तांदूळ गावचा, नवऱ्यापुरता, जयवंतरावांपुरता. ती स्वतः वर्षभर भात जेवली नव्हती.

गेल्या साली कापणीच्या तोंडावर नवराबायको गावी गेली होती. रानडुकरांनी शेत लोळवलं होतं. जयवंतरावांकडे राखणीचा परवाना होता, वनखात्याचा कागद होता, आणि वडिलांची बंदूक गंजली म्हणून घेतलेली नवी ठासणीची बंदूक होती. तोंडातून दारू ओतायची, वरून गोळी नाहीतर छर्रे ठासायचे, सगळं जुन्यासारखंच. फक्त हिच्या नळीला आतून पीळ होता. जयवंतरावांनी छर्रे ठासले. बार झाला, डुकरीण किंचाळली आणि पळाली. तिसऱ्या दिवशी सुगंधा ओढ्यावर, व्हाळावर, धुणं घेऊन गेली, तर ती करवंदीच्या जाळीत पडलेली. पोट अजून वरखाली होत होतं.

त्या शेताचा भात मग तिला गिळवेना. तिने भातच सोडला. सोमवार, गुरुवार, संकष्टी होतीच. आणखी एक व्रत धरलं असेल, असं समजून जयवंतरावांनी विचारलंही नाही.

परवा पुन्हा गावी निघायचं होतं. बोरीवलीच्या घरातल्या दोन खोल्यांपैकी बाहेरच्या खोलीत जयवंतराव जमिनीवर फडकं पसरून बसले होते. फडक्यावर बंदुकीच्या दुकानातून आणलेले नमुने होते. एक गोल शिशाची गोळी, एक लांबट, एक प्लॅस्टिकच्या टोपीत बसवलेली. बाजूला छर्र्यांची पिशवी.

"ह्या टोपीवाल्याचा काय करू गो? झग्याचा बटन वाटता," ते आतल्या खोलीकडे बघून म्हणाले. "छर्रेच बरे. हात हललो तरी एखादो लागतलोच."

"एखादाच लागतो," सुगंधा आतूनच हळू म्हणाली.

"बापाशीन जन्मभर छर्रेच ठासले. आणि मी गेल्या साली कागदावर बार टाकून बघलंय ना? केवढे पसरले होते! तुका कागद दाखवलंय."

गावाहून आणलेला तो कागद फुकट जाऊ नये म्हणून तिनेच तो डब्याखाली घातला होता. आता ओलं फडकं हातात धरून ती त्याच्याकडे बघत राहिली. डब्याच्या बुडाचा गोल डाग उमटला होता. भोकं सगळी त्या डागाच्या बाहेर, भोवती रिंगण धरल्यासारखी. डागात एकही नाही.

  मग ती कागद आणि नवऱ्याचं ताट घेऊन बाहेर आली. कागद पसरला, मधोमध ताट ठेवलं.

"बघा. ताटाखाली एक तरी भोक आहे?"

जयवंतरावांनी ताट उचललं, परत ठेवलं, परत उचललं. "पीळ," ते म्हणाले. "पिळान छर्रे गरगर फिरवून बाहेर फेकल्यान. दुकानदार सांगत होतो, ह्या नळीत छर्रे नको. मी हसलंय. म्हटलं, मुंबयचो माणूस, तेका शेत काय म्हायत. डुकरीण मधीच होती गो. मी नेम बरोबर धरलेलो."

"तीन दिवस जिवंत होती," सुगंधा म्हणाली. "व्हाळावर मी बघितली."

 त्यांनी पायाने छर्र्यांची पिशवी लांब सारली आणि गोल गोळी तळहातावर घेतली.

"मग हीच. एकच, पण सरळ जातली. कापडात गुंडाळून घट्ट ठासूची लागता, तरच पीळ पकडता. जुना सुती काय आसा?"

घरात जुनं सुती एकच होतं, तिचं पूजेचं पातळ. धुऊन धुऊन विरलेलं. ती ते मांडीवर घेऊन बसली. कात्री बराच वेळ हातात नुसतीच राहिली.

"किती कापू?"

"धा."

तिने पहिला तुकडा कापायला घेतला तेव्हा जयवंतरावांनी कोपऱ्यातली छत्री खांद्याला लावली आणि समोरच्या दिव्याच्या बटणावर नेम धरला. छत्रीचं टोक बटणावरून दिनदर्शिकेवर गेलं, तिथून दाराच्या चौकटीवर आलं.

"पाच कर."

पुन्हा खांदा, पुन्हा तेच. मग ते खिडकीशी बसले, कोपर कट्ट्यावर टेकवलं. टोक एका श्वासापुरतं बटणावर ठरलं आणि खाली आलं. त्यांनी छत्री आडवी ठेवली.

"एकच कर," ते म्हणाले. "अगदी जवळ इला आणि हात ठरलो, तरच. नायतर डबो बडवून हाकलतंय."

"रातभर?"

"मग काय करतलंय? तू असशील ना?"

"असेन."

तिने तो एक तुकडा पुरा केला, दोऱ्या काढल्या आणि त्यांच्या हातात दिला. गोळीसाठी कापलेल्या पातळाची घडी परत देवघरात ठेवली नाही, कपाटात ठेवली. दुपारी त्यांच्या ताटात भात वाढला आणि स्वतःपुरती भाकरी थापायला घेतली. यंदा शेतात काय होतं ते बघून मग भाताचं ठरवायचं.