देवकाबाईच्या अंगणातली अँबेसिडर

सिंदी रेल्वे या गावात कोणालाही विचारा, देवकाबाई भोयर कुठं राहते, तर सांगणारा आधी एकदा मागंपुढं बघेल आणि मगच सांगेल. तिच्या जिभेला हाड नाही म्हणतात. म्हणू द्या. बाई खोटं बोलत नाही आणि कोणाचा राग उद्यावर ठेवत नाही. ज्याचं त्याला तिथल्या तिथं देऊन मोकळी होते. पण एक राग मात्र तिच्या पोटात वर्षानुवर्षं मुरत होता, आणि तो दोनच शब्दांचा होता. सेठजीची गाडी.

गाडी म्हणजे जुनी अँबेसिडर. देवकाबाईचा नवरा प्रेमदास गावातल्या कापसाच्या जिनिंग मिलच्या सेठजींकडं ड्रायव्हर होता. सगळी जवानी त्या स्टिअरिंगवर गेली. पुढं जिनिंग बंद पडली, सेठजी नागपूरला लेकाकडं निघाले, तेव्हा जाता जाता त्यांनी गाडी प्रेमदासला देऊन टाकली. नुसती तोंडानं नाही, कागदावर नाव चढवून. सेठजी माणूस सोन्यासारखा, त्यात वादच नाही. पण प्रेमदासला पेट्रोल परवडेना आणि पुर्जे मिळेनात. मग गाडी अंगणात कडुनिंबाखाली जी उभी राहिली ती राहिलीच. टायर बसले, पत्र्याला गंज चढला, मागच्या सीटवर कोंबड्या अंडी घालू लागल्या. सेठजीही वारले. तरी गावात ती आपली 'सेठची गाडी'च.

गावाचं सोडा हो, गावाच्या तोंडाला कोण हात लावतं? पण खुद्द प्रेमदाससुद्धा!

"हर्षाची माय, सेठजीच्या गाडीवर गवऱ्या नोको ठेवू."

झालं, देवकाबाईच्या अंगाचा तिळपापड.

"अजी, सेठजी गेले वर. कागद तुमच्या नावाचा, अंगन माह्यं, कोंबड्या माह्या. मंग गाडी सेठजीची कशी?"

"अव, तोंडाले बसलं तसं," एवढंच म्हणून प्रेमदास चंची उघडायचा.

देवकाबाईला बंगला नको होता, पाटल्या नको होत्या. या माणसानं एकदा, फक्त एकदा, चारचौघांत 'माही गाडी' म्हणावं, एवढंच तिला पाहिजे होतं. जन्मभर दुसऱ्याची गाडी पुसली, दुसऱ्याच्या हॉर्नवर जेवण टाकून उठला. आता अंगणात स्वतःच्या नावाची गाडी असताना याच्या तोंडून तेवढं निघू नये? तिला ते फार लागायचं.

मागच्या हिवाळ्यात भंगारवाला आला. गाडीभोवती फिरला, चाकाला लाथ मारली, नाक मुरडलं आणि भाव सांगितला. प्रेमदास मान खाली घालून म्हणाला, "जाऊ दे आता. सेठजीचं लोखंड, किती दिस सांभाळाचं?"

तेव्हा देवकाबाई घरातून जी निघाली! हातात पोळपाट नव्हता हे भंगारवाल्याचं नशीब.

"लाथ काऊन मारली रे चाकाले? तुह्या बापाची हाये का? निंग इथून! हे गाडी चालन. मी चालवून दाखवीन तुले, पाहजो!"

भंगारवाला गेला. प्रेमदास हसू लागला. "चालन? कशानं चालन? तिच्यात बुड नाई राह्यलं. बसला मानूस तं थेट खाली रस्त्यावर."

"मंग बुड लावा."

झाली सुरुवात. पैशाच्या नावानं बोंबच होती. गॅरेजवाल्यानं खर्च सांगितला, तो ऐकून प्रेमदास पाणी प्यायला. मग ठरलं की जे घरात होईल ते घरात करायचं, आणि नाहीच झालं तर बाहेर जायचं. इंजिन प्रेमदासकडं आलं आणि गंज देवकाबाईकडं. भांडी घासण्यात जन्म गेला, आणखी एक भांडं समजू, असं म्हणून ती बसली. आधी विटकरीचा चुरा, मग चिंचेचं पाणी, मग पॉलिश पेपर. रोज दुपारी वावरातून आली की भाकर खायची आणि गाडीला भिडायचं. नखं गेली, हाताची सालं निघाली. रोज खाली तांबडा भुगा पडायचा, तो ती झाडून उकिरड्यावर टाकायची. येणाऱ्याजाणाऱ्या बायका कुंपणावरून विचारायच्या, "काय व देवकाबाई, सेठच्या गाडीचा अभ्यंग चालला काय?"

"हो, ये नं, तुह्याही पाठीले लावून देते," देवकाबाई म्हणायची. दुसऱ्यांदा कोणी विचारत नसे.

बुडाचा प्रश्न मात्र कठीण होता. नवा पत्रा घ्यायचा तर खिसा फाटका. एका रात्री, जेवताना, देवकाबाई कोपऱ्यातल्या कोठीकडं बघत राहिली. तिच्या बापानं लग्नात दिलेली, वडनेरहून बैलगाडीनं आलेली धान्याची पत्र्याची कोठी. चांगली जाड, कुठं भोक नाही.

"हे कापा," ती म्हणाली.

प्रेमदासचा घास हातातच राहिला. "अव, तुह्या बापाची निशानी हाये ते."

"बापानं धान ठेवाले देली. आता मी तुमाले ठेवते तिच्यात. कापा म्हनलं नं!"

वेल्डरनं कोठी कापून बुड बसवलं. संध्याकाळी प्रेमदासनं नव्या बुडावर पाय ठेवून, एकदा, दोनदा, जोर देऊन बघितलं, आणि घरात येऊन देवकाबाईला स्वतःच्या हातानं चहा करून दिला. तिनं तो पिताना 'साखर कमी हाये' म्हटलं खरं, पण प्याली पूर्ण.

त्यांची लेक हर्षा वर्ध्याला एका दवाखान्यात नर्स होती. सुटीत आली तेव्हा तिनंही बाह्या सरसावल्या. दारांना, छताला लांबी म्हणजे पुट्टी भरणं आणि घासून सपाट करणं तिनं केलं. नागपूरच्या कबाडी बाजारातून कार्बोरेटर आणला तोही तिनंच, दुकानदाराशी अशी घासाघीस करून की आईचं नाव राखलं. रंग लावायची वेळ आली तेव्हा प्रेमदास म्हणाला, "सेठजीच्या वेळेस पांढरी व्हती."

"मोरपंखी," देवकाबाई म्हणाली.

"मोरपंखी अँबेसिडर पाह्यली काय कुठं?"

"आता पाहा नं!"

पेंटरकडं एका ट्रकचा उरलेला मोरपंखी रंग पडून होता, स्वस्तात मिळाला. देवाच्याही मनात मोरपंखीच होता, असं देवकाबाईनं जाहीर करून टाकलं.

राहिली सीट. फोम महाग. देवकाबाईनं घरातल्या शेवटच्या वेचणीचा कापूस काढला. प्रेमदासनं विचारलं, "सरकी काढाची नाई का? पिंजाऱ्याले दे."

"पिंजाऱ्याले कोन पैसे देन? सरकीसकट भरली तं सीट टनक बनते."

कापसाच्या मुलखात जन्मलेल्या बाईनं हे बोलावं म्हणजे कमालच. पण तिच्यासमोर कोण बोलणार? सरकीसकट कापूस ठासून भरला, वरून जाड कापड, दाभणानं शिवण. सीट खरंच टणक झाली.

आषाढ संपता संपता इंजिन सुरू झालं. प्रेमदासनं चावी फिरवली, गाडी खोकली, थुंकली, एकदा मेल्यासारखी गप्प बसली आणि मग अशी घुरघुरली की निंबावरचे कावळे उडाले. प्रेमदासच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी. "बोलली व, हर्षाची माय! सेठजीची गाडी बोलली!"

देवकाबाईचेही डोळे भरले होते, ते तिथल्या तिथं सुकले. एवढं करून पुन्हा सेठजी! ती काही न बोलता घरात निघून गेली. देवकाबाई काही न बोलता निघून जाते म्हणजे किती लागलं असेल ते समजून घ्या.

लगेच श्रावणाची झड लागली. गाडीवर ताडपत्री टाकली आणि दहाबारा दिवस कोणी तिकडं फिरकलं नाही. त्याआधी हर्षानं मोबाइलवर गाडीचा व्हिडिओ टाकला होता. तो फिरत फिरत नागपूरला सेठजींच्या नातवापर्यंत गेला. केतन त्याचं नाव. त्याचा फोन आला की येतो, दादाजींची गाडी बघायची आहे.

झड उघडली त्या दिवशी केतन आला. पोरगा चांगला, आल्या आल्या प्रेमदासच्या पाया पडला. कुंपणापाशी अर्धी गल्ली जमली. प्रेमदासनं ताडपत्री ओढली आणि मोरपंखी अँबेसिडर उन्हात अशी झळकली की कुंपणावरच्या माना उंचावल्या. देवकाबाईची छाती भरून आली. ही आपल्या हातची आहे, आपल्या या सोललेल्या हातांची, असं तिला ओरडून सांगावंसं वाटलं.

केतननं मागचं दार उघडलं, आत बसला आणि लगेच उठला. "काकी, हे काय?"

सीटच्या शिवणीतून, थेट या टोकापासून त्या टोकापर्यंत, हिरवी दोन-दोन पानं डोकं वर काढून उभी होती. काचेच्या फटीतून पाणी झिरपलं होतं, ताडपत्रीखाली ऊब मिळाली होती, आणि सरकीनं आपलं काम केलं होतं, कपाशी रुजली होती.

"अव माय व! सेठच्या गाडीत पऱ्हाटी उगवली!" कुंपणावरून कोणीतरी ओरडलं आणि गल्लीभर हसू फुटलं. धरणी पोटात घेईल तर बरं, असं देवकाबाईला झालं. चहाचं निमित्त करून ती आत पळाली.

केतनही हसला, पण त्यात खवचटपणा नव्हता. "असू द्या काका. आम्ही हे सगळं काढून टाकू. लेदरच्या सीट, पांढरा रंग, दादाजींच्या वेळी होती अगदी तशी. मी नागपूरला हॉटेल काढतोय. त्याच्या दारात काचेच्या खोलीत ठेवणार. तुम्ही म्हणाल ती किंमत."

"चालवान नाई?" प्रेमदासनं विचारलं.

"चालवायची कशाला? शोभेची. दादाजींची आठवण."

देवकाबाई चहाचा ट्रे घेऊन दारात आली होती. पुढचं उत्तर तिला पाठ होतं. 'न्या भैयाजी, तुमचीच हाये.' नवऱ्याच्या तोंडून ते निघायच्या आधीच तिला ऐकू येत होतं. कोठी, नखं, चिंचेचं पाणी, सगळं काचेच्या खोलीत जाणार.

प्रेमदासनं टोपी काढून हातात घेतली. "भैयाजी, तुमच्या दादाजीचं मीठ खाल्लं मी. त्यायचं नाव निंगलं का आजही हात जोडतो. पन सेठजीची गाडी आता नाई राह्यली. ते गंजली. तिचा पोतंभर भुगा हर्षाच्या मायनं झाडून उकिरड्यावर टाकला. हे जे उभी हाये, हे दुसरी गाडी हाये."

केतनला कळलं. "म्हणजे आता ही तुमची."

देवकाबाई ट्रेसकट एक पाऊल पुढं सरकली. आता. आता म्हणेल.

"माही?" प्रेमदासनं मान हलवली. "माही कशी? मी तं भंगारात देऊन राह्यलो होतो. मले लाज वाटते बोलाले, पन खरं तेच हाये. हिच्या बुडात तिच्या बापाची कोठी हाये, हिच्या अंगावर तिच्या आवडीचा रंग हाये, आन सीटमंधी तिच्या वावरातली पऱ्हाटी उगवली ते तं तुमी पाह्यलीच. हे गाडी देवकाबाईची हाये. इकाची का नाई ते तिले इचारा."

सगळ्यांच्या नजरा दाराकडं वळल्या. दोन शब्दांसाठी देवकाबाई इतकी वर्षं जळली, आणि या माणसानं ते दोन शब्द स्वतःसाठी ठेवलेच नाहीत. उचलून तिच्या पदरात टाकले, तेही भर गल्लीत. डोळे भरले ते या खेपेला सुकले नाहीत.

"नाई," ती कशीबशी म्हणाली. मग आवाज सापडला. "नाई इकत. आन रंग बी हाच राहीन. च्या घ्या भैयाजी, थंडा होऊन राह्यला."

केतननं तिला हात जोडले. चहा पिऊन झाल्यावर तोच म्हणाला, "काकी, मग एक चक्कर तरी मारू द्या. दादाजींच्या नातवाला एवढा तरी हक्क आहे की नाही?"

प्रेमदासनं चावी काढली, पण तो गाडीकडं गेला नाही. बायकोकडं बघत उभा राहिला. "नेऊ काय?"

"न्या नं. पन मले सोडून कुठं निंगाले?"

सुटीवर आलेल्या हर्षानं मागच्या सीटवर पऱ्हाटीच्या वर जाड सतरंजी अंथरली. केतन मागं बसला, देवकाबाई समोर, प्रेमदासच्या शेजारी. गाडी फाटकातून बाहेर पडली, स्टेशनच्या रस्त्याला लागली, बाजारातून गेली. देवकाबाईनं काच खाली केली, कोपर खिडकीबाहेर काढलं आणि सिंदीतल्या एकेका ओळखीच्या तोंडाकडं सावकाश, नीट बघून घेतलं.