आप्पांचं खाकरणं

आमची ऋतुजा बहिरी आहे हे कळायला आम्हाला अडीच वर्षं लागली. तालुक्याचा डॉक्टर माझ्याकडे असा बघत राहिला, जणू मी तिची आई नसून शेजारीण आहे. त्याला काय सांगणार? आमचं घर आधीपासूनच खुणांवर चालत आलंय.

माझे सासरे आप्पासाहेब यांच्यासमोर घरातली बाई मोठ्यानं बोलत नाही. ते अंगणातून आत येताना खाकरतात. खाकरणं ऐकू आलं की सासूबाईंचं बोलणं अर्ध्यात थांबतं आणि मी डोक्यावर पदर घेऊन भिंतीला सरकते. भाकरी हवी का, हे टोपलं पुढे करून विचारायचं. पाणी हवं का, हे तांब्या वाजवून. त्यांना मला काही सांगायचं असलं तर ते सासूबाईंना सांगतात, "तिला म्हनावं, भाजीत मीठ न्हाई." मी तिथंच हातभर अंतरावर उभी असते. आप्पा वाईट नाहीत बरं का. माझ्यावर त्यांनी कधी आवाज चढवला नाही, तशी गरजच पडली नाही.

अशा घरात हातानं मागणारी आणि हू की चू न करणारी पोर सगळ्यांना गुणाचीच वाटणार. सासूबाई तर गल्लीत कौतुक सांगायच्या, "लई शहाणी हाय, तिचा आवाज म्हनून न्हाई."

पुढं सरकारी योजनेतून लातूरला ऑपरेशन झालं. कानामागं मशीन आणि डोक्याला लोहचुंबकानं चिकटणारी चकती. मशीन सुरू झालं त्या दिवशी माझ्या नवऱ्यानं, भागवतनं, गावभर पेढे वाटले. आता पोर घडाघडा बोलणार असंच सगळे धरून चालले होते. त्याला दोन वर्षं झाली. अजून 'आई' नाही.

बोलणं शिकवायला दर आठवड्याला मीच नेते तिला. नायगावहून एसटी, नांदेडला गाडी बदलायची, मग लातूर. अहमदपूर येईपर्यंत पोर मांडीवर झोपते आणि मशीन निसटून सीटखाली जातं. ते मी वाकून शोधत असताना शेजारची बाई हमखास म्हणते, "किती गं सोसतीस, माय." अशा वेळी पोर तिच्या मांडीवर ठेवावी आणि आपण खिडकीला डोकं टेकून झोपावं असं वाटतं. मला कौतुक नको झालंय. मला झोप पाहिजे.

परवाच्या खेपेला तिथल्या शिकवणाऱ्या उजमा मॅडमनी तपासणी घेतली. पोरगीच आहे ती, पण ऋतूवर जीव लावते. ऋतूला पाठमोरी बसवून तिनं ढोलकी वाजवली. ऋतू वळली. फोन वाजवला, तेव्हाही वळली.

"आता तुम्ही हाक मारा, ताई."

मी हाक मारली. ऋतू ठोकळ्यांवर ठोकळे रचत राहिली. पुन्हा मारली. मान हलली नाही.

तेवढ्यात बाहेर बाकावर बसलेलं कुणीतरी म्हातारं माणूस घसा साफ करत खाकरलं. ऋतूच्या हातातला ठोकळा पडला. ती उठली, फ्रॉकचा घेर वर ओढून डोक्यावर घेतला, आणि भिंतीला टेकून ओठ घट्ट मिटून उभी राहिली.

उजमा हसली. तिला तो खेळ वाटला. मग तिनं माझ्याकडे बघितलं आणि तिचं हसू गेलं, कारण माझाही हात पदराला गेला होता.

"ताई, खरं सांगू का? मशीन एकदम बरोबर चाललंय," ती म्हणाली. "हिला ऐकू येतंय. ऐकून काय करायचं, तेपण ती शिकलीय. घरी हिच्याशी कोण बोलतं?"

"बोलतो की आम्ही."

"आवाज काढून?"

मी खाली पडलेला ठोकळा उचलून ठेवला.

"पाच पूर्ण झाली ती. अजून एक साल असंच गेलं, तर मशीन कानाला राहील, पण बोलणं येणं लई अवघड होईल."

परतीच्या वाटेवर मला राग आला. आप्पांचा, सासूबाईंचा, पेढे वाटणाऱ्या भागवतचा, आणि सगळ्यात जास्त माझ्या त्या हाताचा, जो लातूरला परक्या म्हाताऱ्यासाठी पदराला गेला होता.

दिवेलागणीला घरी पोचलो. सासूबाई भाकरी थापत होत्या. मी ऋतूचं तोंड धुताना मोठ्यानं बोलायला लागले, "पाणी. गार पाणी." आणि अंगणातून खाकरणं आलं.

ऋतूनं फ्रॉक डोक्यावर घेतला आणि भिंत गाठली. माझा हात उठला नाही. धाडस वगैरे काही नव्हतं. मी दमले होते.

"ऋतू, आजोबा आले. आजोबा!"

आप्पा पुन्हा खाकरले. त्यांना वाटलं, मला ऐकू गेलं नसेल. सासूबाई पिठाच्या हातानं मला खुणा करायला लागल्या.

"तिला म्हनावं," आप्पा त्यांना म्हणाले, "म्या आलोय."

"तुमी आलेलं मला कळलंय, आप्पा," मी म्हणाले. "पोरीलाबी कळलंय. तिला निस्तं तुमचं खाकरनंच कळतंय. ते ऐकलं की गप व्हायचं, येवढंच शिकली ती ह्या घरात. माझी हाक तिला कळत न्हाई. मी आई हाय तिची!" पुढचं मला बोलता आलं नाही. मी हुंदके देऊन रडले, आणि तेही त्यांच्यासमोर.

आप्पा भिंतीपाशी उभ्या पोरीकडे बघत राहिले. फ्रॉक डोक्यावर, ओठ मिटलेले. त्यांच्या घशात काहीतरी आलं. ते खाकरायला गेले आणि मध्येच थांबले. आलेलं खाकरणं त्यांनी गिळलं. त्यानं त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

"ऋतुजा," त्यांनी हाक मारली. ती वळली नाही. मग त्यांनी लग्नानंतर पहिल्यांदा सरळ माझ्या तोंडाकडे बघितलं. "माझीबी हाक कळंना व्हय हिला? काय करावं मंग?"

"बोलावं लागंल. दिसभर. सगळ्यांनी."

ते पाटावर बसले. पोरीशी काय बोलावं, हे त्यांना सुचेना. मी ताट वाढलं. त्यांनी एक घास खाल्ला आणि घर दणाणेल अशा आवाजात म्हणाले, "ऋतुजा, भाजीत मीठ न्हाई!"

मीठ बरोबर होतं.

"सिंधू, भाजीत मीठ न्हाई," ते मला म्हणाले. मग परत तिला, "मीठ, ऋतुजा. मीठ!"

ऋतूनं मान वळवली. आप्पांकडे नाही, माझ्याकडे. मी डोक्यावर पदर घेतलाय का, ते ती बघत होती. पदर खांद्यावरच होता.

तिनं हळूच फ्रॉक खाली सोडला.